संगणक चालविणारा आणि संगणक सांभाळणारा



शेतीपंपाची मोटर जळाली तर वाशिम जिल्ह्यातील शेतकरी ती खोलून स्वतः तारा गुंडाळावयास बसत नाही. तो ती उचलून तालुक्याच्या गावी वायंडिंगवाल्याकडे नेतो आणि त्याबद्दल त्याला कोणी अडाणी म्हणत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र निराळाच न्याय लावला जातो. ग्रामपंचायतीतील केंद्रचालकाचा, शाळेतील लिपिकाचा किंवा कृषी सेवा केंद्राच्या दुकानदाराचा संगणक अडला, की ‘एवढेही येत नाही काय?’ असा प्रश्न ऐकू येतो. हा प्रश्न अन्यायाचा आहे. तो का, हे समजण्यासाठी संगणकाच्या इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या सुमारास देशी बनावटीचा एक मोठा संगणक कार्य करू लागला. पुढे तो ‘टिफ्रॅक’ या नावाने ओळखला गेला. त्या काळी अशा यंत्राला स्वतंत्र दालन लागे आणि त्याच्या दिमतीस अभियंते व चालक यांचे पथक असे. ज्याला गणित सोडवून हवे असे, तो आपले काम त्यांच्या स्वाधीन करी आणि उत्तर घेऊन जाई. १९८० नंतर वैयक्तिक संगणक बाजारात आला, यंत्र टेबलावर मावू लागले, किंमत उतरली. पथक मात्र टेबलावर मावणारे नव्हते; ते मागेच राहिले. वापरणारा, चालविणारा आणि सांभाळणारा या तिघांचे काम एकाच माणसाच्या शिरावर येऊन पडले. आजचा सामान्य वापरकर्ता अज्ञानी झालेला नाही, त्याच्याकडे तीन माणसांचे काम आले आहे.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या या जिल्ह्याची वाढ आणि शासकीय कारभारातील संगणकाचा प्रसार ही जवळजवळ बरोबरीनेच झाली. २०११ साली ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ केंद्रे आली, त्यांची जागा पुढे ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. २०१७ साली शेतकरी कर्जमाफीचे अर्ज संगणकाद्वारेच भरून घेण्यात आले आणि राज्यभर अशा केंद्रांपुढे रांगा लागल्या. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. सोयाबीन आणि तुरीवर ज्याचे वर्ष अवलंबून, त्या शेतकऱ्याचा पीकविम्याचा अर्जही याच खिडकीतून जातो. खरीप विम्याची मुदत अनेक वर्षे ३१ जुलै ही असे. मुदतीच्या अखेरच्या दिवशी दुपारी दोन वाजता केंद्रातील संगणक बंद पडला, तर नुकसान यंत्राच्या मालकाचे थोडे आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे फार होते.

आता बिघाड कसा असतो, ते एका उदाहरणावरून पाहू. एके सकाळी केंद्रचालक संगणक सुरू करतो. यंत्र चालू होते, इंटरनेटची जोडणी दिसते, परंतु शासनाचे कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही. ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ अशी सूचना येते. चालक म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. रांगेतील लोक परततात. प्रत्यक्षात सर्व्हर ठणठणीत असतो. दोष संगणकाच्या पोटातील रुपयाच्या नाण्याएवढ्या एका बॅटरीत असतो. यंत्र बंद असताना त्याचे घड्याळ चालू ठेवणे, हे त्या बॅटरीचे काम. रात्री मुख्य बटण बंद केले जाते किंवा वीज नसते, तेवढा वेळ ती झिजत राहते. ती संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखविते, त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. मागे गेलेल्या घड्याळाच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, म्हणून संगणक दार उघडत नाही. तारीख नेहमीच आपोआप दुरुस्त होते असेही नाही. जाणता तंत्रज्ञ पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहतो, थोडक्या पैशांची बॅटरी बदलतो आणि काम सुरू होते. लक्षण एकीकडे आणि कारण भलतीकडे, हाच या यंत्राचा स्वभाव. वैद्य नाडी का पाहतो, हे ज्याला कळते त्याला तंत्रज्ञाची गरज निराळी समजावून सांगावी लागू नये.

अशी कोडी अनेक आहेत. एका कार्यालयात टंकलिखित केलेले मराठी पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. पत्र बिघडलेले नसते. जुन्या अक्षरसंचांत प्रत्येक कंपनीची संकेतपद्धती निराळी होती, युनिकोडमध्ये ती सर्वत्र एक आहे. अंगठ्याचे यंत्र शेतमजुराचा ठसा घेत नाही, तेव्हा दोष यंत्राचा, त्यामागील प्रणालीचा की श्रमाने झिजलेल्या बोटांचा, हेही वेगळे ओळखावे लागते. नाहीतर चांगले यंत्र टाकून नवे घेतले जाते आणि अडचण जागच्या जागी राहते.

विजेचा आणि हवामानाचा प्रश्न तर विदर्भाचा खास आहे. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. पंख्याच्या जाळीत धूळ बसते, यंत्र तापते आणि स्वतःच बंद होते. यूपीएसची बॅटरी उष्णतेने लवकर निकामी होते. पंप एकदम सुरू झाले की विजेचा दाब खाली येतो. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा व मीठ घालून उन्हाळ्यात पाणी सोडावे, हे पंप बसविणाऱ्यास ठाऊक असते; संगणकाच्या खोलीत मात्र अर्थिंग कोणी तपासलेलेच नसते.

म्हणूनच तंत्रज्ञाचे खरे काम बिघाडानंतरचे नसून बिघाडापूर्वीचे आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद केली आणि खंडणी मागितली. ज्या उणिवेतून तो शिरला, तिच्यावरील दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, तेच सापडले. ‘विंडोज १०’ या प्रणालीला मिळणाऱ्या नियमित मोफत सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. कित्येक जुनी यंत्रे पुढील प्रणाली पेलू शकत नाहीत. कोणते यंत्र ठेवावे आणि कोणते बदलावे, हे दुकानदाराच्या नव्हे तर जाणकाराच्या सल्ल्याने ठरले पाहिजे. माहितीची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी असावी, ही गोष्टही तबकडी नादुरुस्त झाल्यावर नव्हे, तर आधी सुचावयास हवी.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कारागीर योजनेत संगणक चालविण्याचा आणि संगणकप्रणालीच्या देखभालीचा, असे दोन निरनिराळे व्यवसाय आहेत, ही बाब सूचक आहे. ‘एम.एस.-सी.आय.टी.’ने २००१ पासून राज्यात असंख्य तरुणांच्या हाती संगणक दिला. सांभाळणाऱ्यांची संख्या मात्र तितक्या वेगाने वाढली नाही. मानोऱ्याच्या एखाद्या खेड्यातून यंत्र उचलून जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले, तर दुरुस्तीपेक्षा खेपाच महाग पडतात. प्रत्येक तालुक्यात दोन-चार विश्वासू, शिकलेले हात असणे ही चैन नव्हे.

विश्वासू हा शब्द येथे मुद्दाम योजिला आहे. दूरध्वनीवरून ‘कंपनीचा तंत्रज्ञ बोलतो’ असे सांगून एखादे ॲप बसवावयास लावणारे आणि दुरून पडद्याचा ताबा घेऊन खाते रिकामे करणारे भामटेही पुष्कळ झाले आहेत. न बोलाविता आलेल्या मदतनीसाला यंत्राचा ताबा देऊ नये, आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

तंत्रज्ञाला बोलाविणाऱ्याचेही एक काम उरते. पहिला प्रश्न बहुधा असा येतो : ‘बंद पडण्यापूर्वी काय बदलले होते?’ नवा छापयंत्र जोडला होता का, रात्री वीज कडाडली होती का, कोणती सूचना पडद्यावर आली होती? संगणकाशेजारी एक साधी वही ठेवून तारीख, वेळ आणि पडद्यावरील शब्द जसेच्या तसे त्यात टिपले, तर तासाभराचा शोध पाच मिनिटांत संपतो आणि रांगेतील माणसाला दुसरी खेप पडत नाही.