एंजिनाचा ताप

मे महिन्यांतील दुपार. मुंबईहून नाशिकला निघालेली एखादी मोटार कसाऱ्याचा घाट चढूं लागते. सपाट रस्त्यावर तिनें मालकाचें मन प्रसन्न केलेलें असतें. परंतु घाटांत पुढें मालमोटारींची रांग, मोटारीचा वेग मंद, आणि एंजिनावरील भार मात्र मोठा. अर्ध्या चढावर उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या खुणेकडे झुकतो, बॉनेटखालून वाफ निघूं लागते, आणि मुलांमाणसांनीं भरलेली ती मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते. हा प्रकार मोटारीइतकाच जुना आहे. अलीकडच्या मोटारी कारखान्यांतून येतात तशाच ठेवल्या व त्यांची निगा राखली, तर सहसा तापत नाहींत. पण कारखान्यानें दिलेली शक्ति अपुरी वाटून ती वाढवून घेण्याची हौस जेथें शिरते, तेथें हा जुना ताप पुन्हां उद्भवतो. त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे.

पेट्रोल जळून एंजिनांत जी उष्णता उत्पन्न होते, तिचे ढोबळ मानानें तीन वाटे होतात. एक वाटा चाकें फिरवितो, दुसरा धुराबरोबर निघून जातो, आणि तिसरा एंजिनाच्या धातूंत शिरतो. हा तिसरा वाटा तेथेंच साठूं दिला तर धातु टिकणार नाहीं. म्हणून एंजिनाभोंवतींच्या पोकळ्यांतून पंपाच्या साहाय्यानें पाणी फिरवितात. तें पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातें, आणि नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांवरून वाहणारा वारा त्यांतील उष्णता घेऊन जातो. येथें पाणी हा केवळ हमाल आहे. उष्णतेचें ओझें अखेर उतरतें तें वाऱ्याच्या खांद्यावर.

धुराबरोबर जाणारी शक्ति वायां जाऊं नये, हा विचार स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या एंजिनिअरनें केला व १९०५ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. त्यांतूनच पुढें टर्बोचार्जर हें यंत्र आलें. धुराच्या झोतानें एक चक्र फिरतें. त्याच कण्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनांत भरतें. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, आणि इंधन अधिक म्हणून शक्ति अधिक. हीं चक्रें मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. १९६२ सालीं अमेरिकेंत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोचार्जरची मोटार विक्रीस आली. आंत शिरणारी तप्त हवा थंड राखण्यासाठीं तिच्यांत पाणी व मिथिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाचा फवारा मारण्याची सोय होती. परंतु त्या मिश्रणाची टाकी वेळोवेळीं भरण्याची संवय अनेक मालकांना लागली नाहीं, आणि ती मोटार दोन वर्षांतच बंद झाली. वाढीव शक्तीबरोबर वाढीव काळजी येते, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

सायकलचा पंप जोरानें मारला असतां त्याचें तोंड तापतें, हा अनुभव सर्वांस आहे. तेंच येथें मोठ्या प्रमाणावर घडतें. ३० अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबापर्यंत दाबली, तर ती सुमारें १२५ अंशांपर्यंत तापते. ती निवविण्यासाठीं इंटरकूलर नांवाची एक जाळी बसवितात, आणि ही जाळी बहुधा रेडिएटरच्या पुढेंच असते. म्हणजे रेडिएटरला मिळणारा वारा आधींच कोमट झालेला असतो. त्यांतून मालकानें टर्बोचा दाब आणखी वाढविला, तर इंधन वाढतें आणि धातूंत शिरणारा तिसरा वाटाही वाढतो. रेडिएटर मात्र पूर्वींचाच राहतो. दाब फार झाला आणि इंधन अवेळीं भडकूं लागलें, तर धातूंत शिरणारी उष्णता एकदम वाढते, तापलेल्या धातूमुळें अवेळीं भडकणें अधिक वाढतें, आणि हें दुष्टचक्र पिस्टनला भोंक पडेपर्यंत चालूं शकतें.

आतां पाण्याकडे वळूं. समुद्रसपाटीवर साधें पाणी १०० अंशांस उकळतें. महाबळेश्वरच्या उंचीवर तें सुमारें ९५ अंशांसच उकळेल. मोटारींत ही अडचण दाबाच्या झांकणानें दूर केलेली असते. प्रेशर कुकरच्या शिटीप्रमाणें हें झांकण आंतील दाब धरून ठेवतें, आणि पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळूं देत नाहीं. पाण्यांत निम्मे ग्लायकोल मिसळलें तर उकळणें आणखी लांबतें व गंजही लागत नाहीं. मात्र उष्णता वाहून नेण्यांत ग्लायकोल पाण्याच्या बरेंच मागें आहे. म्हणून अधिक घातल्यानें अधिक फायदा होईल ही समजूत चुकीची आहे. रोल्स-रॉइस कंपनीचें मर्लिन हें प्रसिद्ध विमानी एंजिन आरंभीं शुद्ध ग्लायकोलवर निवविलें जाई. पुढें दाबाखालील ७० भाग पाणी व ३० भाग ग्लायकोल हेंच मिश्रण अधिक सोयीचें ठरलें.

एंजिन तापूं लागलें कीं कांहीं कारागीर थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला देतात. ही झडप ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडूं लागते. घाटांत ती पूर्ण उघडलेलीच असते. ती काढल्यानें चढावर लाभ थोडा, आणि एरवीं एंजिन योग्य उष्णतेला उशिरां पोंचून त्याची झीज वाढते. कांहीं एंजिनांत तर ती नसल्यास बरेंचसें पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनें परत फिरतें. खरे उपाय साधे आहेत. प्रथम गळती, पंपाचा पट्टा व दाबाचें झांकण तपासावें आणि रेडिएटरच्या जाळींतील धूळ काढावी. मग रेडिएटरच्या कडेच्या फटी बुजवाव्या, म्हणजे वारा बाजूनें न निसटतां जाळींतूनच जाईल. नंतर पंखा व त्याचें कोंदण, तेल निवविणारी जाळी आणि शेवटीं मोठा रेडिएटर. टर्बोचा दाब वाढविण्याची पाळी या सर्वांच्या मागून यावी.

समोरच्या कांट्यावर फार विसंबूं नये. अनेक मोटारींत तो बऱ्याच मोठ्या टप्प्यांत मध्यावरच स्थिर राहील अशी योजना असते; तो हलतो तेव्हां पुष्कळदां उशीर झालेला असतो. त्याहून घातक गोष्ट अशी कीं, पाणी गळून गेलें तर उष्णता मोजणारा भाग कोरडा पडतो, आणि एंजिन भाजत असतांना कांटा खालीं येतो. म्हणून शक्ति वाढविलेल्या मोटारींत अंश आंकड्यांत दाखविणारें वेगळें मापक बसविणें शहाणपणाचें आहे.

ताप चढूं लागलाच, तर वातानुकूलन बंद करावें, हीटर पूर्ण चालू करावा आणि वेग कमी करून सोयीच्या जागीं थांबावें. वाफ निघत नसेल व पाणी शिल्लक असेल, तर एंजिन मिनिट दोन मिनिटें संथ चालूं द्यावें. टर्बोचें तप्त चक्रही तेवढ्यांत निवतें. वाफ निघत असेल तर तें तात्काळ बंद करावें. रेडिएटरचें झांकण मात्र एंजिन पूर्ण निवेपर्यंत कोणीही उघडूं नये. आंत १०० अंशांहून अधिक तापलेलें पाणी केवळ दाबामुळें पाणी राहिलेलें असतें. झांकण फिरतांच त्याची वाफ होऊन तें तोंडावर उसळतें. अशा घाईनें हातांवर व चेहऱ्यावर कायमच्या भाजल्याच्या खुणा राहिलेलीं माणसें आहेत. तसेंच तापलेल्या एंजिनांत गार पाणी ओतूं नये. धातूला तडा जातो.

मोटारीची शक्ति वाढवून देणारा कारागीर किती अश्वशक्ति वाढेल हें आनंदानें सांगतो. घरांतील वडील माणसांनीं त्याला एवढाच प्रश्न विचारावा: तिच्याबरोबर येणारी उष्णता बाहेर जाणार कोठून? त्याचें उत्तर मिळेपर्यंत मोटार आहे तशीच राहूं द्यावी.