कर धुरावर बसावा



आज एकच प्रश्न मांडतो : परकीय भांडवल आले की हवा बिघडते की सुधारते?

आपल्या अर्थशास्त्रात याची दोन ठरावीक उत्तरे आहेत. एक म्हणते, मायदेशातल्या कडक कायद्यांना कंटाळलेले कारखाने आपला धूर ढिलाईच्या देशात घेऊन येतात. दुसरे म्हणते, परदेशी कंपन्या चांगले तंत्र आणतात आणि स्थानिक कारखानेही सुधारतात. मला दोन्ही अपुरी वाटतात. भांडवल हिशेब पाहून वागते. धूर सोडणे फुकट असेल तर ते सोडेल, महाग असेल तर रोखेल. ती किंमत ठरवणे सरकारचे काम आहे.

चीनकडे पाहा. २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळाल्यावर तेथे परकीय गुंतवणूक वाढली, कारखानदारी फोफावली, कोळसाही बेसुमार जळू लागला. २०१३ मध्ये बीजिंगच्या हवेत पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ८९.५ मायक्रोग्रॅम होती. १ जानेवारी २०१८ पासून तेथे पर्यावरण संरक्षण कर लागू झाला. सल्फर डायऑक्साइडच्या दर ०.९५ किलोमागे १.२ ते १२ युआन. नेमका दर प्रांताने ठरवायचा. प्रदूषण मानकापेक्षा ३० टक्क्यांनी कमी ठेवले तर करात २५ टक्के सूट, ५० टक्क्यांनी कमी ठेवले तर निम्मा कर माफ. २०२३ मध्ये बीजिंगचा आकडा ३२ वर आला. याचे श्रेय एकट्या कराला देता येणार नाही; कोळशावरचे निर्बंध आणि कारखान्यांचे स्थलांतर यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय दरांत एक उणीव राहिली : बीजिंगने १२ युआनचा कमाल दर लावला, तर गान्सू आणि छिंगहाय प्रांतांनी १.२ चा किमान. एकाच देशात दहापट फरक ठेवला, तर धूर स्वस्त जागा शोधणारच.

भारतात आपण २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला आणि २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर नेला. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर त्याची जागा भरपाई उपकराने घेतली आणि पैसा राज्यांची महसुली तूट भरण्याकडे वळला. पण मूळ दोष आकारणीतच होता. धुरातले गंधक शोषून घेणारी यंत्रणा बसवणारे वीज केंद्र आणि न बसवणारे केंद्र, दोघेही टनामागे सारखाच कर भरत होते. मग त्या यंत्रणेवर खर्च करायचा कोणी आणि कशासाठी?

परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र देशात आघाडीवर आहे, याचा मला अभिमान आहे. मात्र चाकणच्या मोटार कारखान्यात धुराची चिमणी दिसत नाही म्हणून हिशेब संपत नाही. त्याला लागणारी वीज मोठ्या प्रमाणात कोळशाची असते, आणि त्या कोळशाचा धूर चंद्रपूर, कोराडीच्या वीज केंद्रांजवळच्या माणसांच्या छातीत जातो. गुंतवणूक एका जिल्ह्यात, खोकला दुसऱ्या जिल्ह्यात, अशी ही वाटणी आहे. म्हणून कर धूर निघतो तिथेच बसला पाहिजे.

हे आपल्याकडे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. शेजारच्या सुरतमध्ये २०१९ पासून धूलिकणांच्या उत्सर्जन-परवान्यांचा बाजार चालला. कापड प्रक्रिया कारखान्यांच्या चिमण्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसली, किलोकिलोचा हिशेब लागला आणि सहभागी कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले. तो कर नव्हता, पण धडा तोच आहे : आधी मोजा, मग किंमत लावा.

सरकारकडे माझ्या तीन मागण्या आहेत. कर मोजलेल्या उत्सर्जनावर लावा. त्याचे उत्पन्न बाधित जिल्ह्यांच्या हवेसाठीच राखून ठेवा. आणि गुंतवणूकदाराला जमीन, वीज, मुद्रांक शुल्क यांत हवी ती सवलत द्या, धुरात मात्र देऊ नका.

एक मागणी आपल्याकडे, अर्थशास्त्राच्या अध्यापक-अभ्यासकांकडेही आहे. प्रत्येक विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने जवळच्या एका औद्योगिक वसाहतीतली गुंतवणूक, तिथली हवा आणि तिथल्या दवाखान्यांतले श्वसनविकार यांची नोंद दरवर्षी एकत्र मांडावी, तीही मराठीत. असे आकडे हाती असतील तर ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत कोणालाही जाब विचारता येईल. ही जबाबदारी आपण परिषदेच्या याच अधिवेशनात ठराव करून स्वीकारावी, अशी विनंती करतो.