शोध घेणाऱ्याचे समाधान मोजायचे कसे?

(विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



दुकानात गिऱ्हाईक वाढले की धंदा उत्तम चालला आहे, असे आपण समजतो. दवाखान्याबाबत तसे म्हणता येत नाही. एकच रुग्ण त्याच दुखण्यासाठी आठवड्यातून चार वेळा येऊ लागला, तर औषध लागू पडत नाही, असाच अर्थ घ्यावा लागतो. इंटरनेटवरील शोधयंत्र हे दुकान की दवाखाना? आजच्या विषयाचे मर्म या प्रश्नात आहे.

शोधाची गुणवत्ता पद्धतशीरपणे तपासण्याचे श्रेय प्रामुख्याने सिरिल क्लेव्हरडन यांना दिले जाते. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे त्यांनी ठरावीक दस्तऐवज आणि ठरावीक प्रश्न घेतले, आणि कोणता दस्तऐवज कोणत्या प्रश्नाला उपयुक्त, हे जाणकारांकडून ठरवून घेतले. समोर आलेल्या दस्तऐवजांपैकी उपयुक्त किती आणि एकूण उपयुक्त दस्तऐवजांपैकी समोर आले किती, ही दोन मोजमापे अशा चाचण्यांत रूढ झाली. अमेरिकेत १९९२ पासून ‘ट्रेक’ या नावाने याच धर्तीच्या चाचण्या होऊ लागल्या. भारतीय भाषांसाठी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘फायर’ हा उपक्रम सुरू झाला व त्यात मराठीचाही समावेश होता.

मराठीची अडचण येथे सांगितली पाहिजे. आपण ‘शेतकरी’ असा शब्द देतो, पण हवी असलेली माहिती ‘शेतकऱ्यांना’ किंवा ‘शेतकऱ्याने’ या रूपांत दडलेली असते. केवळ विभक्तीचा प्रत्यय काढून भागत नाही, कारण मूळ शब्दच सामान्यरूपात बदलतो. यंत्राला हे कळले नाही तर वापरकर्ता तोच प्रश्न तीन निरनिराळ्या प्रकारे टंकलिखित करतो. नोंदवहीत मात्र ‘तीन शोध’ लिहिले जातात, म्हणजे वापर तिप्पट झाला!

हा केवळ तर्क नव्हे. बिंग या शोधयंत्राच्या एका प्रयोगात सदोष आज्ञावलीमुळे काही वापरकर्त्यांना अत्यंत निकृष्ट निष्कर्ष दाखवले गेले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार, त्या गटात दर वापरकर्त्यामागील शोधांची संख्या १० टक्क्यांहून अधिक आणि उत्पन्न ३० टक्क्यांहून अधिक वाढले. उत्तर सापडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत होते आणि जाहिरातींवर अधिक क्लिक करत होते. केवळ आकडे पाहणाऱ्याने त्या दोषालाच सुधारणा ठरवले असते.

या कोड्याची उकल त्यांनी गुणाकार फोडून केली. महिन्यातील एकूण शोध म्हणजे वापरकर्त्यांची संख्या, दर वापरकर्त्यामागील सत्रे आणि दर सत्रातील शोध यांचा गुणाकार होय. (३० मिनिटे काहीच हालचाल झाली नाही, तर सत्र संपले असे धरतात.) प्रयोगात वापरकर्ते यादृच्छिक पद्धतीने गटांत वाटलेले असल्याने त्यांची संख्या हा कसोटीचा विषय राहत नाही. सत्रातील शोध कमी झाले तर काम लवकर उरकले, असे सामान्यतः समजावे. सत्रे वाढली तर माणूस आपणहून परत आला, म्हणजेच तो समाधानी आहे. यादृच्छिक वाटणीची ही रीत रोनाल्ड फिशर यांनी रॉथॅमस्टेड येथील शेतीच्या प्रयोगांत रुजवली होती, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच. क्लिक झाला नाही म्हणजे निराशा झाली, असेही नेहमी नसते. हवामानाचा अंदाज किंवा सामन्याचा धावफलक पडद्यावरच दिसला तर क्लिक करायचे कशाला?

आता आज्ञावलीच्या वितरणाकडे वळू. मापन कितीही नेमके असले तरी सहा महिन्यांतून एकदा चाळीस बदल एकत्र लागू केले, तर समाधान कशामुळे घटले हे सांगता येणार नाही. म्हणून एक छोटा बदल, तोही आधी थोड्या वापरकर्त्यांपुरता, आणि बिघडल्यास तात्काळ माघार, अशी पद्धत रूढ झाली. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल व जीन किम यांच्या २०१८ च्या ‘ॲक्सिलरेट’ या पुस्तकात यासाठी चार मोजमापे मांडली आहेत: बदल किती वारंवार लागू होतात, लिहिलेला बदल प्रत्यक्ष वापरात येण्यास किती वेळ लागतो, किती टक्के बदलांमुळे बिघाड होतो आणि सेवा पूर्ववत होण्यास किती अवधी लागतो. पहिली दोन गतीची, उरलेली दोन स्थैर्याची. माझ्या मते ही चारही एकत्रच वाचावीत. केवळ वारंवारतेचे उद्दिष्ट दिले की कर्मचारी एका बदलाचे पाच तुकडे करून आकडा गाठतात. मोजमाप हेच लक्ष्य झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही, हा अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम येथेही लागू पडतो.

सार्वजनिक सेवांसाठी ही मोजमापे जशीच्या तशी उचलता येत नाहीत. शोधयंत्राकडे माणूस वारंवार परतला तर ते विश्वासाचे लक्षण. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर तोच विद्यार्थी त्याच अर्जासाठी सहाव्यांदा आला, तर बहुधा त्याचे प्रमाणपत्र प्रणालीने स्वीकारलेले नसते. अशा संकेतस्थळाच्या अहवालात भेटींची संख्या पहिल्या पानावर झळकत असेल, तर परीक्षकाच्या भूमिकेतून तुम्ही दोनच आकडे मागा: अर्ज सुरू करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पूर्ण केला, आणि त्यांपैकी किती जणांना तो एकाच बैठकीत पूर्ण करता आला.