चवळीच्या वाणाची पारख

भरपूर शेणखत आणि वेळच्या वेळी पाणी लाभलेल्या प्रक्षेत्रावर चवळीच्या ज्या वाणाने एका हंगामात शेंगांचा भार दाखविला, तोच वाण कोकणात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर किंवा माणदेशातील उथळ, हलक्या जमिनीवर तितक्याच इमानाने पिकेल, असे गृहीत धरणे हा रयतेवर अन्याय होय. चवळीचे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री फार उष्ण राहिल्या, तर परागकण निकामी होऊन फुले गळतात. सर्व शेंगा एकाच बहरात धरणारा वाण अशा वेळी पुरता नागवला जातो. टप्प्याटप्प्याने फुलणारा मात्र पुढच्या सरीनंतर पुन्हा बहर धरून काही अंशी तूट भरून काढतो.

परिस्थितीनुसार उत्पन्न बदलण्याच्या वाणाच्या या स्वभावाचे मापन करण्याची एक रीत एबरहार्ट आणि रसेल या पीकशास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडली. प्रत्येक स्थळाची अनुकूलता तेथील सर्व वाणांच्या सरासरी उत्पन्नावरून ठरवावयाची, आणि ती वाढेल तसतसे एकेका वाणाचे उत्पन्न किती प्रमाणात वाढते हे पाहावयाचे. हे प्रमाण एकाच्या जवळपास, त्यापासूनचे विचलन नगण्य आणि सरासरी उत्तम असेल, तर तो वाण सर्वत्र शिफारशीस पात्र ठरतो. प्रमाण एकाहून बरेच अधिक असलेला वाण बागायतीस शोभतो. कमी असलेला कोरडवाहूस, आणि केवळ सरासरीच्या तक्त्यात मागे पडला म्हणून त्यास खारीज करणे मला सर्वथा अनुचित वाटते. बियाणे घेताना, चाचण्या किती ठिकाणी व किती साले झाल्या आणि त्यांत अवर्षणाचे साल होते काय, एवढे अवश्य विचारावे.