प्राणवायूचा जमाखर्च



शस्त्रक्रियागृहातील भूलयंत्रावर काचेची एक उभी नळी असते आणि तिच्यातून वर चढणाऱ्या वायूच्या झोतावर एक चिमुकली भिंगरी गरगरत तरंगत असते. मिनिटाला किती लिटर प्राणवायू खर्ची पडतो, याची नोंद जणू तीच ठेवते.

भूल दिलेल्या प्रौढ मनुष्याच्या देहाला मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू पुरतो. तथापि निव्वळ प्राणवायूची भिंगरी 6 लिटरांच्या रेघेवर ठेवण्याचा रिवाज असेल, तर दोन तासांत 720 लिटर वायू खर्च होऊन त्यांतील अवघे 30 लिटर रुग्णाच्या रक्तात उतरतात, आणि उरलेला सारा बाहेर निघून जातो.

हवा फुकट मिळते, परंतु तीतून प्राणवायू निवडून काढणे फुकट नाही. हवा अतिशीत करून द्रवरूप करावी लागते, उणे 183 अंशांवर उकळणारा प्राणवायू नायट्रोजनापासून विलग करावा लागतो, आणि मग तो टँकरांतून दूरदूर वाहून न्यावा लागतो. 2021 च्या एप्रिलात, कोविडच्या साथीत, कळंबोलीहून रिकामे टँकर लादून आगगाडी थेट विशाखापट्टणमला धाडावी लागली, तेव्हा या जिनसाचे खरे मोल आपणा सर्वांस कळून चुकले.

या अपव्ययावर उपाय आहे. रुग्णाचा उच्छ्वास सोडा लाइमच्या पांढऱ्या खड्यांतून नेला, की त्यातील कर्बवायू शोषला जातो, खडे हळूहळू जांभळे पडतात, आणि शुद्ध झालेला वायू पुन्हा श्वासासाठी परततो. म्हणून आरंभीची काही मिनिटे सढळ प्रवाह देऊन पुढे तो 1 लिटरवर आणता येतो. 7000 लिटरांचा जो सिलिंडर 6 लिटरांच्या प्रवाहाने 19 तासांत रिता होतो, तोच मग 116 तास पुरतो. रुग्णास श्वास देणारा यंत्राचा भाता प्राणवायूच्या दाबावर चालत असेल, तर तेथे साध्या दाबयुक्त हवेची तजवीज केल्यानेही मोठी बचत साधते.

शिवाय प्रवाहासोबत भुलीची महाग बाष्पेही वाया जातात. त्यांतील डेसफ्लुरेन तर वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे अडीच हजार पट पृथ्वी तापविते.

अर्थात रुग्णाच्या गरजेत कपात करण्याचा अधिकार कोणासही नाही. श्वासाचा वायू ज्यातून फिरतो त्या मंडलातील प्राणवायूचे प्रमाण मोजणारे उपकरण चालू असल्यावाचून प्रवाह कमी करू नये. परंतु निद्रिस्त रुग्णास आपल्या नावावर पडलेला खर्च तपासता येत नाही. तो त्याच्या वतीने, त्या भिंगरीवर नजर ठेवून, जाग्या माणसानेच तपासावयाचा असतो.