पगाराची पायरी आणि आयुष्याची दोरी



अन्न अपुरे, घर कोंदट आणि औषधाला पैसा नाही, अशा परिस्थितीत माणूस आजारी पडतो, हे आपण सगळे जाणतो. पण ज्याची नोकरी कायम आहे, ज्याच्या घरी उपासमार नाही, त्याचेही आयुष्य विषमतेमुळे घटते का?

याचे उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत मिळाले. १९६७ साली तिथे 'व्हाइटहॉल' अभ्यास सुरू झाला. सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची तपासणी झाली आणि पुढे त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवली गेली. ब्रिटनमध्ये १९४८पासून सरकारी आरोग्यसेवा सर्वांना खुली आहे. तरीही ४० ते ६४ वयोगटात शिपाई, दरवान यांच्या श्रेणीतला मृत्युदर सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या तिप्पट निघाला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा फरक फक्त तळाशी नव्हता. श्रेणी जितकी खालची, तितका धोका अधिक. चांगल्या पगाराचा मधला अधिकारीसुद्धा यातून सुटला नव्हता.

खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होते, हे खरे. पण धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब करूनही हृदयविकारातली बरीचशी तफावत उरलीच. म्हणून १९८५मध्ये दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात स्त्रियाही होत्या. ज्यांना आपल्या कामाबद्दल काहीच ठरवता येत नाही, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक असल्याचे त्यात दिसले. याचा संबंध ताणाशी असावा. संकटात शरीर ताणाची संप्रेरके सोडते. ती घटकाभर उपयोगी असतात. पण हा ताण वर्षानुवर्षे राहिला, तर शरीर झिजते.

या दुसऱ्या अभ्यासाचे नेतृत्व करणारे डॉ. मायकल मार्मट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. आयोगाच्या २००८च्या अहवालातला एक दाखला सुन्न करणारा आहे. ग्लासगोतल्या कॅल्टन वस्तीत पुरुषांचे अपेक्षित आयुर्मान ५४ वर्षे होते आणि काही मैलांवरच्या लेन्झीत ८२. देश एक, आरोग्यसेवा एक, आणि अंतर २८ वर्षांचे!

दवाखाने हवेतच. पण माणूस दवाखान्यात पोहोचतो, त्याच्या कितीतरी आधी त्याचे बालपण, घर, मजुरी आणि कामावर मिळणारा मान यांनी त्याची प्रकृती घडवलेली असते. म्हणून किमान वेतन, अंगणवाडी, घरबांधणी यांवरचे निर्णय हे आरोग्याचेच निर्णय आहेत. सरकारला त्यांचा जाब विचारताना किती खर्च झाला एवढ्यावर थांबू नका. त्यातून कोणाचे आयुष्य वाढले, हेही विचारा.