समन्यायी पाणीवाटप : गोदावरी खोऱ्याचा विचार



त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतून वाहत पैठणला येते. तेथील जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये धरण पूर्णत्वास गेले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे 77 टीएमसी आहे. परंतु वरच्या अंगाला गंगापूर, दारणा, भंडारदरा, मुळा ही धरणे आधीच पाणी अडवतात. पर्जन्यमान उत्तम असता कोणाचेच अडत नाही. पावसाने ओढ दिली की मात्र नाशिकची द्राक्षे, अहिल्यानगरचा ऊस, छत्रपती संभाजीनगरच्या नळांचे पाणी आणि मराठवाड्यातील शेती या साऱ्यांची मागणी एकाच साठ्यावर येते.

2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने टंचाईची झळ खोऱ्यातील सर्वांनी वाटून घ्यावी, हे तत्त्व स्वीकारले. मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने 2014 मध्ये आदेश दिला : 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या 65 टक्क्यांहून कमी पाणी असल्यास वरच्या धरणांतून ठरलेल्या सूत्राने पाणी सोडावे. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. तरीही 2023 मध्ये सुमारे 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा प्रश्न येताच विरोध उसळला.

हा विरोध केवळ स्वार्थापोटी होतो, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वर्षानुवर्षे जोपासलेली बाग वाळताना पाहणे कोणत्याही शेतकऱ्याला दुःसहच असते. शिवाय उशिरा सोडलेले पाणी कोरडे पात्र शोषून घेते. वरच्याचे जाते आणि खालच्याला पुरते पोहोचत नाही. म्हणून निर्णय वेळेवर व्हावा आणि बचत मुळातच व्हावी.

त्याचा मार्ग याच खोऱ्यात आहे. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था घनमापन पद्धतीने पाणी घेतात. पाणी मोजून मिळते, आकारणीही मापाप्रमाणे होते आणि कोणते पीक घ्यावे हे शेतकरी ठरवतो. वाचवलेल्या पाण्याचा लाभ दिसल्यामुळे ठिबक सिंचनाकडे ओढा वाढतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी आरंभिलेले हे कार्य पुढे सर्व लाभक्षेत्रात पसरले.

व्यापारात जमाखर्च उघड असला की भागीदारी टिकते. नदीच्या पाण्याचा हिशेबही असाच वरच्या व खालच्या दोघांसमोर उघडा असावा. तसे झाल्यास टंचाईच्या वर्षी न्यायालयाची पायरी चढण्याचे प्रसंग निश्चितच कमी होतील.